परदेशातील रात्रीची स्लीपर ट्रेन आणि आपला गट: पुण्यातील तयारीपासून सकाळी उतरेपर्यंत

टूर कंपनीशिवाय, स्वतः आखणी करून युरोपला जाणारे आठ-दहा-बारा जणांचे गट पुण्यात आता पुष्कळ दिसतात. कधी सोसायटीतले शेजारी असतात, कधी ट्रेकचा जुना ग्रुप, तर कधी दोन-तीन नातेवाइकांची कुटुंबे. त्यांच्या आराखड्यात व्हिएन्ना ते व्हेनिस किंवा म्युनिक ते रोम अशी एखादी रात्रीची गाडी हमखास असते आणि सहलीतला सर्वांत मोठा गोंधळ बहुधा त्याच रात्री होतो. याचे कारण म्हणजे भारतीय रेल्वेची सवय. आपल्याकडे बर्थ वेगवेगळ्या डब्यांत मिळाले, तरी गाडीत शिरल्यावर सहप्रवाशांना विनंती करून अदलाबदल होते, टीसीला भेटून मार्ग निघतो आणि कोणत्याही दाराने चढलो तरी आतून चालत आपल्या जागेवर पोहोचता येते. युरोपातील रात्रीच्या गाड्यांत चार किंवा सहा बर्थची, बंद दाराची कंपार्टमेंट असतात, आत आधीच झोपलेली माणसे असू शकतात आणि काही डबे तर वेगळ्याच शहराला जाणारे असतात. त्यामुळे जे ठरवायचे ते पुण्यातच ठरवावे लागते, आणि गटाचा हिशोब माणसांऐवजी कंपार्टमेंटनिहाय करावा लागतो. पुढील सर्व टप्पे याच हिशोबावर उभे आहेत. उदाहरणे प्रामुख्याने ऑस्ट्रियन रेल्वेच्या नाइटजेट गाड्यांची घेतली आहेत, कारण आपल्याकडचे बहुतेक गट त्याच गाड्या निवडतात.

१. मार्ग निवडणे: दोन्ही टोके शेवटची स्थानके असावीत

एकटा प्रवासी कोणत्याही स्थानकावर चढू-उतरू शकतो. बारा माणसे आणि बारा बॅगा मात्र दोन-तीन मिनिटांच्या थांब्यात एका अरुंद दारातून चढवणे किंवा उतरवणे फार कठीण असते. म्हणून गाडी जिथून सुटते तिथेच चढावे आणि जिथे संपते तिथेच उतरावे, असा मार्ग शोधावा. सुरुवातीच्या स्थानकावर गाडी साधारणपणे सुटण्याच्या काही वेळ आधी फलाटावर लागते आणि शेवटच्या स्थानकावर उतरण्याची घाई नसते. मधल्या स्थानकाला पर्याय नसेल, तर ती रात्र विमानाने किंवा दिवसाच्या गाडीने काढता येईल का, याचा गटाने प्रामाणिकपणे विचार करावा. गटात सत्तरीच्या पुढची माणसे असतील, तर माझे मत दिवसाच्या गाडीकडेच झुकते.

एकाच शहरात अनेक स्थानके असतात, हेही इथेच तपासून घ्यावे. व्हेनिसला मेस्त्रे हे मुख्य भूमीवरचे स्थानक आहे आणि सांता लुचिया हे पाण्याने वेढलेल्या जुन्या शहरातले. हॉटेल मेस्त्रेला आणि तिकीट सांता लुचियापर्यंत, किंवा याच्या उलट, असे घोळ नेहमी होतात. रोममध्ये तेर्मिनी व तिबुर्तिना, तर म्युनिकमध्ये हाउप्टबानहोफ म्हणजे मुख्य स्थानक व ओस्ट, अशीच जोड आहे.

तपासा: तिकिटावरील स्थानकाचे पूर्ण नाव आणि नकाशावर हॉटेलजवळ दिसणारे स्थानक एकच आहे का?

तारखेचीही खात्री करून घ्यावी. परदेशी वेळापत्रकात २४ तासांचे घड्याळ असते. रात्री ००.१५ ला सुटणारी १२ तारखेची गाडी पकडायची, तर हॉटेल ११ तारखेच्या संध्याकाळी सोडलेले असते. ही गाडी १२ तारखेच्या रात्रीची समजून स्थानकावर गेलात, तर ती जवळपास चोवीस तासांपूर्वीच निघून गेलेली असेल. शिवाय युरोपातील रेल्वेचे नवे वेळापत्रक दरवर्षी डिसेंबरच्या मध्याला लागू होते, त्यामुळे गेल्या वर्षी जाऊन आलेल्या मित्राने सांगितलेली वेळ या वर्षी लागू असेलच असे नाही.

२. कंपार्टमेंटचा तक्ता: तिकिटाआधी हे काम

आधी जागांचे प्रकार समजून घ्यावेत. नाइटजेटमध्ये साधारण तीन वर्ग असतात. पहिला साध्या बसण्याच्या सीटचा. हा गटाने रात्रभरासाठी घेऊच नये, असे मी ठामपणे सांगेन. स्वस्त दिसतो म्हणून तो घेतला जातो आणि दुसरा अख्खा दिवस सगळे पेंगत काढतात. दुसरा वर्ग कुशेटचा. यात चार किंवा सहा बर्थचे कंपार्टमेंट, चादर, उशी, पांघरूण आणि सकाळची साधी न्याहारी मिळते. तिसरा स्लीपरचा, म्हणजे एक ते तीन जणांची खोली, ज्यात वॉशबेसिन असते आणि वरच्या दर्जाच्या खोलीत शॉवर व टॉयलेटही असते. आपल्याकडे स्लीपर म्हणजे सर्वांत साधा झोपण्याचा वर्ग आणि तिथे तो सर्वांत महागडा, हे गटातील प्रत्येकाला आधीच सांगावे, नाहीतर दर पाहिल्यावर उगाच शंका निघतात. २०२३ च्या डिसेंबरपासून धावू लागलेल्या नव्या नाइटजेट गाड्यांत एकेका माणसापुरत्या बंदिस्त छोट्या केबिनही आहेत. त्या एकट्या प्रवाशाला उत्तम, पण ज्यांना रात्री सोबत लागते अशा ज्येष्ठांसाठी योग्य नाहीत.

आता कागद घ्या आणि सहा चौकटींचा एक उभा आराखडा काढा: डावीकडे खाली, मध्ये, वर, उजवीकडे खाली, मध्ये, वर. सहा बर्थच्या कुशेटमध्ये एकेका बाजूला असे तीन मजले असतात आणि मधल्या बर्थवर पाठ सरळ करून बसताही येत नाही. वरच्या बर्थवर जायला अरुंद लोखंडी शिडी असते. प्रत्येक चौकटीत नाव लिहायला बसलात की खरे प्रश्न बाहेर येतात: गुडघ्याचे ऑपरेशन कोणाचे झाले आहे, रात्री दोन-तीनदा टॉयलेटला कोणाला जावे लागते, मोठ्याने कोण घोरते, झोपेसाठी मशीन कोणाला लागते, आणि कोणत्या काकूंना परक्या पुरुषासमोर झोपणे अवघड वाटेल. या गोष्टी ग्रुपवर कोणी लिहीत नाही. त्या एकदा सगळ्यांनी चहाला जमून, समोरासमोर विचारूनच ठरवाव्यात.

माणसांच्या संख्येप्रमाणे विभागणी अशी करावी. बारा जण असतील, तर सहाची दोन किंवा चारची तीन कंपार्टमेंट. दुसरा पर्याय महाग पडतो, पण मधला मजला नसल्याने बसायला मोकळीक मिळते आणि बॅगांनाही जागा होते. साठीच्या आसपासचा गट असेल तर त्यासाठी जास्तीचे पैसे जरूर मोजावेत. दहा जणांना एक सहाचे आणि एक चारचे. आठ जणांना चारची दोन. सात जणांचा गट सर्वांत अडचणीचा: सहाचे कंपार्टमेंट भरते आणि सातवा माणूस अनोळखी लोकांत एकटा जातो. अशा वेळी चार बर्थचे एक कुशेट आणि तीन बर्थची एक स्लीपर खोली घ्यावी. नऊ किंवा अकरा जण असतील, तर पूर्ण कंपार्टमेंट खासगी म्हणून घेऊन एक बर्थ रिकामा ठेवावा आणि त्याचा खर्च सगळ्यांत वाटून घ्यावा. पूर्ण कंपार्टमेंट घेतले की त्यात बाहेरचा प्रवासी येत नाही.

इशारा: कुशेटमध्ये सुटे बर्थ घेतले, तर स्त्री-पुरुष एकत्र असतात. स्त्रियांसाठी राखीव कंपार्टमेंट मिळू शकते, पण ते तिकीट काढतानाच निवडावे लागते.

प्रत्येक कंपार्टमेंटचा एक प्रमुख ठरवावा. बारा जणांचा एक गटप्रमुख दोन-तीन कंपार्टमेंटवर रात्री लक्ष ठेवू शकत नाही. कंपार्टमेंटप्रमुखाकडे फक्त आपल्या कंपार्टमेंटची तिकिटे, आपल्याच माणसांची मोजणी आणि दाराची जबाबदारी असावी.

३. व्हिसा आणि तिकीट यांचा क्रम

इथे गट दोन टोकांच्या चुका करतात. काही जण स्वस्त दर पाहून, व्हिसा हाती नसताना परत न होणारी तिकिटे काढतात. इतर काही जण व्हिसा आल्यावरच तिकिटाकडे वळतात आणि तोवर सहा सलग बर्थ शिल्लक नसतात. मधला मार्ग असा की, विक्री उघडताच रद्द करता येणारी किंवा बदलता येणारी तिकिटे, दर थोडा जास्त असला तरी, घ्यावीत. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातील अनेक देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि तो पुण्यातील अर्ज केंद्रातच देता येतो. त्यामुळे दोन्ही गोष्टी एकाच सुमारास हाताळणे शक्य आहे.

अर्जाच्या फाइलमध्ये रात्रीच्या गाडीमुळे एक पोकळी दिसते. प्रत्येक रात्रीचे हॉटेल दाखवलेले असते आणि मध्येच एका रात्रीला काहीच नसते. प्रवासाच्या तक्त्यात त्या तारखेसमोर कोरी जागा सोडू नये. 'रात्रीची रेल्वे, अमुक स्थानक ते तमुक स्थानक, गाडी क्रमांक अमुक' असे स्पष्ट लिहून त्या आरक्षणाची प्रत त्याच क्रमाने लावावी. अर्ज ज्या देशात सर्वाधिक मुक्काम आहे त्या देशाकडे करायचा असतो आणि दोन देशांत मुक्काम सारखाच असेल, तर जिथे पहिला प्रवेश आहे तिथे. म्हणून रात्रीच्या गाडीची रात्र कोणत्या देशाच्या खात्यात धरली आहे, हे सगळ्यांच्या अर्जात एकसारखे असले पाहिजे.

मार्ग शेंगेन क्षेत्राबाहेर, उदाहरणार्थ सर्बियात, जाऊन परत येणार असेल, तर एकदाच प्रवेश देणारा व्हिसा पुरत नाही. लंडनहून स्कॉटलंडला जाणारी रात्रीची गाडी आखली असेल, तर ब्रिटनचा व्हिसा पूर्णपणे वेगळा लागतो.

४. आरक्षण करणे

तिकीट काढायला बसण्यापूर्वी चार गोष्टी टेबलावर हव्यात: सर्वांच्या पासपोर्टच्या पहिल्या पानाच्या प्रती, जन्मतारखांची यादी, तयार झालेला तक्ता, आणि आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू केलेले कार्ड. भारतीय कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात. ते बँकेच्या ॲपमधून चालू करावे लागतात आणि रकमेची मर्यादाही वाढवावी लागते. सहा जणांचे पैसे एकदम भरताना मर्यादेमुळे व्यवहार अडकला, की तोवर धरून ठेवलेले बर्थ सुटतात.

नावे पासपोर्टप्रमाणे लिहावीत. आपल्याकडे पासपोर्टवर स्वतःच्या नावापुढे वडिलांचे किंवा पतीचे नाव असते आणि काहींच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना कोरा असतो. ग्रुपमध्ये सगळे 'बंड्या' किंवा 'ताई' म्हणत असले, तरी तिकिटावर पासपोर्टातलेच नाव आणि त्याच स्पेलिंगने यावे. वाचून दाखवणारा एक आणि टाइप करणारा दुसरा, अशी दोन माणसे बसली तर चुका फार कमी होतात.

एका व्यवहारात ठरावीक संख्येपर्यंतच प्रवासी घालता येतात, म्हणून मोठ्या गटाला आरक्षण तुकड्यांत करावे लागते. या तुकड्या कंपार्टमेंटप्रमाणेच पाडाव्यात. एक कंपार्टमेंट म्हणजे एक आरक्षण, असे केले की त्या प्रमुखाचे तिकीट स्वतंत्र राहते आणि पुढे एखाद्या कुटुंबाला रद्द करावे लागले, तर इतरांना धक्का लागत नाही. पहिले आरक्षण पूर्ण झाल्यावर त्यावरील डब्याचा क्रमांक पाहावा, मग दुसरे करावे आणि तेही त्याच डब्यात येते का ते पाहावे. येत नसेल, तर पैसे भरण्यापूर्वी रेल्वेच्या ग्राहक सेवेला किंवा गट-आरक्षण विभागाला विचारावे. भरल्यानंतर बदल करणे महागात पडते.

युरेल पास, म्हणजे अनेक युरोपीय देशांत चालणारा रेल्वेचा पास, असलेल्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: पासमध्ये प्रवासाचे भाडे येते, बर्थ येत नाही. बर्थचे आरक्षण वेगळे पैसे भरून करावे लागते. पासाचा एकच प्रवास-दिवस, म्हणजे गाडी सुटण्याचा दिवस, खर्च होतो. मात्र मध्यरात्रीनंतर दुसरी गाडी पकडली, तर त्या दिवसाचीही मोजणी होते. सकाळी उतरून लगेच पुढची गाडी घेणाऱ्या गटांचे पासाचे गणित इथेच चुकते.

तपासा: प्रत्येक तिकिटावर तारीख, गाडी क्रमांक, डबा क्रमांक, बर्थ क्रमांक, स्थानके आणि नावे, या सहा गोष्टी तक्त्याशी जुळवून पाहिल्या का? हे काम तिकीट काढणाऱ्याने करू नये, दुसऱ्याने करावे.

५. सामान

विमानात तेवीस किलो चालतात म्हणून तेवढी बॅग भरणारा गट रात्रीच्या गाडीत हमखास अडचणीत येतो. सहा बर्थच्या कंपार्टमेंटमध्ये सामान ठेवायला खालच्या बर्थखालची जागा आणि दाराच्या वरचा कप्पा एवढेच असते. सहा मोठ्या सूटकेस आत शिरल्या, तर जमिनीवर पाय ठेवायला जागा उरत नाही आणि शिडी लावता येत नाही. प्रत्येकी केबिन आकाराची एक बॅग आणि एक खांद्याची पिशवी, ही मर्यादा गटाने आधीच मान्य करावी. मोठी बॅग टाळता येत नसेल, तर दोन जणांत मिळून एक.

बॅग भरून झाली की एक चाचणी घ्यावी. लिफ्ट न वापरता ती स्वतः उचलून तीन मजले चढून पाहावी आणि मग छातीच्या उंचीच्या कपाटावर ठेवून पाहावी. जे जमत नाही ते बॅगेतून काढावे. ज्यांनी कित्येक वर्षांत रात्रीचा रेल्वेप्रवासच केलेला नाही, त्यांनी जाण्यापूर्वी पुणे-नागपूर गरीबरथने किंवा पुण्याहून निघणाऱ्या अन्य एखाद्या रात्रीच्या गाडीने, तीच बॅग घेऊन आणि वरच्या बर्थवर झोपून एक फेरी जरूर करावी. आपल्याला काय झेपते हे त्या एका रात्रीत कळते.

रात्रीची पिशवी वेगळी ठेवावी, कारण एकदा बर्थ अंथरले की मोठी बॅग उघडता येत नाही. तिच्यात पुढील गोष्टी असाव्यात: झोपायचे कपडे, दात घासण्याचे साहित्य, टॉवेल, रात्रीची आणि सकाळची औषधे, पातळ चपला, छोटी विजेरी, कानात घालायचे बोळे, पाण्याची बाटली, पॉवर बँक आणि चार्जर. जुन्या डब्यांत चार्जिंगचे पॉइंट मोजके असतात. आपले दोन गोल पिनांचे मोबाइल चार्जर युरोपात बहुतेक ठिकाणी बसतात, पण तीन जाड पिनांचे लॅपटॉपचे प्लग बसत नाहीत, त्यासाठी अडॅप्टर लागतो.

खाण्याचे थोडक्यात. नाइटजेटमध्ये जेवणाचा डबा सहसा नसतो, फलाटावर 'चाय गरम' म्हणत कोणी येत नाही आणि अटेंडंटकडे मिळणारे पदार्थ मोजके असतात. त्यामुळे रात्रीचे जेवण चढण्यापूर्वीच उरकावे. पुण्याहून नेताना भडंग, तिखटमिठाच्या पुऱ्या, खाकरे, लाडू असे टिकाऊ पदार्थ सोयीचे पडतात. मात्र युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणून पेढे, बर्फी, पनीर, तुपाची बरणी नेऊ नये, आणि लाडू व पुऱ्याही तेलाच्याच कराव्यात. सकाळच्या न्याहारीत बहुधा पाव, लोणी, जॅम आणि गरम पेय असते. शाकाहारी माणसांचे त्यात भागते.

६. निघण्याचा दिवस

हॉटेलची खोली सकाळी दहा-अकराला सोडायची आणि गाडी रात्री नऊ-दहाला, म्हणजे मधले दहा-बारा तास बॅगांचे काय, हा प्रश्न आदल्या दिवशीच सोडवावा. हॉटेल सामान ठेवून घेत असेल, तर ते संध्याकाळी सहाच्या आत परत घ्यावे. ठेवून घेत नसेल, तर स्थानकावरील लॉकर वापरावेत. मोठे लॉकर कमी असतात आणि सकाळी लवकर भरतात, म्हणून बॅगा ठेवून मगच शहर पाहायला निघावे. लॉकरची पावती किंवा कोड याचा फोटो दोन वेगळ्या फोनमध्ये असावा.

दिवस रविवार असेल, तर पाणी आणि खाणे शनिवारीच घ्यावे. ऑस्ट्रिया व जर्मनीत रविवारी बहुतेक सुपरमार्केट बंद असतात. मोठ्या स्थानकांमधली काही उघडी असतात, पण तिथे रांगा लांब असतात. संध्याकाळी शक्य असेल तिथे आंघोळ करून घ्यावी, कारण दुसऱ्या दिवशी हॉटेलची खोली दुपारी दोन-तीनच्या आधी मिळेलच असे नाही.

सर्वांनी गाडी सुटण्याच्या किमान पाऊण तास आधी स्थानकात, एका ठरलेल्या ठिकाणी जमावे. 'स्टेशनवर भेटू' एवढे पुरत नाही. व्हिएन्नाच्या मुख्य स्थानकासारख्या अनेक मजल्यांच्या ठिकाणी लोक दोन वेगळ्या दारांशी उभे राहून एकमेकांना शोधत बसतात. 'मुख्य दालनातील मोठ्या वेळापत्रकाच्या फलकाखाली' असे नेमके ठिकाण सांगावे.

७. फलाटावर आणि डब्यात

फलकावर आधी गाडीचा क्रमांक जुळवावा, मग शहराचे नाव. एका गाडीवर दोन-तीन शहरांची नावे असू शकतात, कारण रात्रीच्या गाड्या वाटेत तोडल्या-जोडल्या जातात. व्हिएन्नाहून आणि इन्सब्रुकहून उत्तरेकडे जाणाऱ्या नाइटजेट गाड्यांच्या डब्यांची न्यूर्नबर्गला अदलाबदल करून काही हॅम्बुर्गकडे आणि काही ॲम्स्टरडॅमकडे नेण्याची पद्धत आहे. जपानमध्ये टोकियोहून निघणारी सनराइज ही गाडीही ओकायामाला दुभंगते आणि तिचा एक भाग ताकामात्सुला, दुसरा इझुमोला जातो. त्यामुळे 'गाडी बरोबर आहे, कुठेही चढा, आतून जाऊ' ही सवय इथे फार महागात पडते. चुकीच्या डब्यात झोप लागली, तर सकाळी आपण दुसऱ्याच शहरात जागे होतो.

फलाटावर अ, ब, क यांसारख्या अक्षरांचे विभाग केलेले असतात आणि कोणता डबा कोणत्या विभागात लागेल हे फलकावर दाखवलेले असते. गाडी येण्यापूर्वीच आपल्या विभागात जाऊन उभे राहावे. डबा समोर आल्यावर दाराशेजारील पाटीवर तीन गोष्टी वाचाव्यात: डबा क्रमांक, गाडी क्रमांक आणि शेवटचे स्थानक. तिन्ही तिकिटाशी जुळले, तरच चढावे.

इशारा: शेवटच्या क्षणी फलाट बदलू शकतो. एका माणसाने नजर फलकावरच ठेवावी. त्याच्याकडे सामान देऊ नये.

चढण्याचा क्रम असा असावा. प्रथम कंपार्टमेंटप्रमुख रिकाम्या हाताने चढतो आणि कंपार्टमेंट शोधून त्याचे दार उघडे ठेवतो. नंतर गटातील दोन दणकट माणसे चढतात, एक डब्याच्या दाराशी आणि एक कंपार्टमेंटच्या दाराशी उभा राहतो. मग खालून बॅगा हातोहात आत दिल्या जातात. आधी मोठ्या बॅगा बर्थखाली जातात, नंतर छोट्या वरच्या कप्प्यात. ज्येष्ठ माणसे सामान लागल्यावर सावकाश चढतात. शेवटचा माणूस फलाटावर काही राहिले नाही ना हे पाहून चढतो. एका वेळी एकच कंपार्टमेंट भरावे, कारण कॉरिडॉर एका माणसापुरता रुंद असतो आणि समोरासमोर दोन बॅगा आल्या की सगळेच अडकतात.

तपासा: गाडी सुटण्यापूर्वी प्रत्येक प्रमुखाने आपली माणसे मोजून 'कंपार्टमेंट अमुक, सहा जण पूर्ण' असा संदेश ग्रुपवर टाकला का?

८. रात्र

गाडी सुटल्यावर अटेंडंट येतो, तिकिटे पाहतो, काही गाड्यांत तिकीट किंवा पासपोर्ट सकाळपर्यंत स्वतःकडे ठेवतो आणि न्याहारीची निवड लिहून घेतो. तो येऊन जाईपर्यंत कोणी झोपू नये आणि कोणी दुसऱ्या कंपार्टमेंटमध्ये गप्पांना जाऊ नये. याच वेळी त्याला दोन गोष्टी विचाराव्यात: दाराची आतली कडी कशी लावायची, आणि सकाळी तो किती वाजता उठवणार आहे.

कंपार्टमेंटच्या दाराला आतून कुलूप आणि बहुधा त्याशिवाय एक वेगळी कडीही असते. दोन्ही लावावीत. रात्री टॉयलेटला जाणाऱ्याने एका जागत्या माणसाला सांगून जावे आणि परत आल्यावर ठरलेल्या पद्धतीने दार वाजवावे. डब्यातील सगळी दारे अंधारात सारखीच दिसतात, म्हणून डबा आणि कंपार्टमेंटचा क्रमांक हातावर पेनने लिहून ठेवावा. ज्येष्ठांच्या बाबतीत तर हे आवर्जून करावे. पासपोर्ट, पैसे आणि फोन कपड्यांच्या आत बांधलेल्या पाउचमध्ये असावेत, खुंटीवर टांगलेल्या पर्समध्ये असू नयेत.

शेंगेन देशांमध्ये एरवी सीमेवर तपासणी नसली, तरी काही सीमांवर तात्पुरती तपासणी चालू असते आणि पोलिस मध्यरात्रीही डब्यात येऊ शकतात. पासपोर्ट बर्थखालच्या बॅगेत तळाशी असेल, तर सहा जणांची झोप मोडते. नळाचे पाणी पिण्याचे नसते, हे मुलांना सांगून ठेवावे.

रात्री दहानंतर मोठ्याने बोलणे बंद करावे. मधल्या भिंती पातळ असतात आणि शेजारच्या लोकांनीही झोपेसाठीच पैसे मोजलेले असतात. मोबाइलवर स्पीकर लावून घरी व्हिडिओ कॉल करणे तर टाळावेच. उन्हाळ्यात मध्य युरोपात रात्रीचे दहा म्हणजे पुण्यात मध्यरात्रीनंतरचा दीड असतो, हेही त्या निमित्ताने ध्यानात ठेवावे.

९. सकाळी उतरणे

अटेंडंट उठवेल यावर विसंबू नये. प्रत्येक प्रमुखाने पोहोचण्याच्या वेळेआधी तासभर गजर लावावा. डब्याच्या टोकाला एक-दोनच टॉयलेट असतात, त्यामुळे सहा जणांनी पाळी लावून तोंड धुवावे. अटेंडंटकडे तिकीट किंवा पासपोर्ट असेल, तर तो न्याहारीबरोबर परत मिळाला का हे प्रत्येकाने स्वतः पाहावे. नंतर मधले बर्थ दुमडावेत, म्हणजे खाली नीट बसता येते आणि बॅगा काढता येतात.

शेवटच्या स्थानकाच्या अगोदरचे स्थानक नकाशावर पाहून ठेवावे. व्हेनिसला जाताना आधी मेस्त्रे येते. 'व्हेनेत्सिया' हा शब्द दोन्ही ठिकाणच्या पाटीवर असतो आणि घाईत अर्धा गट मेस्त्रेला उतरतो. कंपार्टमेंटप्रमुखाने सांगितल्याशिवाय कोणी उठायचे नाही, हा नियम रात्रीच सगळ्यांना सांगून ठेवावा.

उतरताना क्रम उलटा करावा: आधी दोन दणकट माणसे, मग सामान, मग ज्येष्ठ आणि शेवटी प्रमुख. प्रमुखाने बर्थखाली विजेरी मारून पाहावे, उशीखाली हात फिरवावा आणि चार्जिंगच्या पॉइंटकडे पाहावे. चष्मे, कवळीची डबी, श्रवणयंत्र आणि चार्जर याच चार गोष्टी बहुधा राहतात.

आशियातील गाड्यांत काय बदलते

थायलंडला जाणाऱ्या गटांनी पहिली गोष्ट स्थानकाची पाहावी. जानेवारी २०२३ पासून बँकॉकच्या लांब पल्ल्याच्या गाड्या जुन्या हुआ लम्फोंगऐवजी क्रुंग थेप अपिवात या नव्या मुख्य स्थानकातून सुटतात. चियांग माईकडे जाणाऱ्या गाडीच्या दुसऱ्या वर्गात बंद कंपार्टमेंट नसतात. मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना, खिडकीला समांतर, खाली-वर पडदे लावलेले बर्थ असतात. तिथे गटाचे एकक म्हणजे अख्खा डबा: सगळ्यांचे बर्थ एकाच डब्यात मिळाले की पुरे. खालचा बर्थ रुंद आणि थोडा महाग असतो, ज्येष्ठांसाठी तोच घ्यावा. गाडीत मद्यपानाला बंदी आहे. व्हिएतनाममध्ये चार बर्थचे मऊ गादीचे आणि सहा बर्थचे साधे, असे दोन प्रकार असतात, त्यामुळे वरचा तक्ता जसाच्या तसा वापरता येतो.

१०. गाडी उशिरा आली, रद्द झाली किंवा डबाच बदलला तर

रात्रीच्या गाडीला एखादा तास उशीर होणे नवे नाही. म्हणून पोहोचल्या दिवशी दुपारपूर्वीचे कोणतेही महागडे, वेळेला बांधलेले तिकीट काढू नये, आणि मायदेशीचे विमान तर त्या दिवशी मुळीच ठेवू नये.

युरोपीय संघाच्या नियमांप्रमाणे, जून २०२३ पासून लागू असलेल्या सुधारित तरतुदींनुसार, गंतव्याला ६० ते ११९ मिनिटे उशीर झाल्यास तिकिटाच्या २५ टक्के आणि १२० मिनिटे किंवा अधिक झाल्यास ५० टक्के भरपाई मागता येते. रेल्वेच्या हाताबाहेरच्या काही कारणांना यातून सूट आहे. सुटण्यापूर्वीच ६० मिनिटे किंवा त्याहून जास्त उशीर अपेक्षित असेल, तर पैसे परत घेणे किंवा दुसऱ्या मार्गाने पोहोचवण्याची मागणी करणे, यातून निवड करता येते. कधी कधी झोपण्याचा डबा बिघडल्यामुळे त्या जागी साधा सीटचा डबा लागतो. तेव्हा आधी अटेंडंटकडून किंवा स्थानकावरील खिडकीवरून तशी लेखी नोंद घ्यावी, फलकाचा आणि डब्याच्या पाटीचा फोटो काढावा आणि मगच, बसून जायचे की त्या रात्री हॉटेल घ्यायचे, हे ठरवावे. गटात ज्येष्ठ असतील, तर ते आणि त्यांच्या सोबतीला दोन जण हॉटेलात थांबून सकाळच्या गाडीने येतील, असा फाटा पुण्यातच ठरवून ठेवलेला असावा.

भरपाईचा अर्ज प्रत्येक आरक्षणासाठी वेगळा करावा लागतो. म्हणून प्रत्येक प्रमुखाने आपल्या कंपार्टमेंटचे तिकीट, फोटो आणि लेखी नोंद एकाच ठिकाणी जपून ठेवावी आणि अर्ज सहलीतूनच, त्याच आठवड्यात पाठवावा. घरी परतल्यावर कागद सापडत नाहीत आणि ज्याच्या कार्डावरून पैसे गेले होते त्याच कार्डावर परतावा येत असल्याने, आलेली रक्कम कोणी कोणाला द्यायची याची यादीही सोबतच ठेवावी.